विचारणा आणि विक्री

कापडाच्या पेढीवर आयुष्य काढलेल्या जुन्या माणसाला एक हिशेब तोंडपाठ असे. सणाच्या आधी भारी साडीची विचारणा कितीतरी जणी करतात. घेऊन जाणाऱ्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून केवळ विचारणेवर तो माल भरत नसे. तरी त्याचे कान उघडे असत. यंदा कोणत्या रंगाचे नाव वारंवार निघते, शेजारच्या गावची गिऱ्हाइके अचानक काय मागू लागली, हे तो मनात टिपून ठेवी. आज ही विचारणा दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच मोबाईलच्या पडद्यावर होऊन गेलेली असते आणि तिची खतावणी गूगलकडे असते. ‘गूगल ट्रेंड्स’ या नावाने २००६ पासून त्या खतावणीचा काही अंश कोणालाही विनामूल्य पाहता येतो.

पाहता येतो, परंतु वाचता येतोच असे नाही. त्या आलेखावरील १०० हा आकडा म्हणजे शंभर माणसे नव्हेत, की शंभर टक्केही नव्हेत. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात एकूण शोधांमधील एखाद्या शब्दाचा वाटा ज्या वेळी सर्वाधिक असतो, त्या वेळेला १०० मानतात आणि बाकीचे सारे त्याच्या प्रमाणात मांडतात. वर्षअखेरीस प्रसिद्ध होणाऱ्या याद्यांचेही तसेच. मागील वर्षाच्या तुलनेत ज्याचा शोध झपाट्याने वाढला ते त्या यादीत चढते. हवामानासारखा रोज घरोघरी शोधला जाणारा विषय तिथे सहसा दिसत नाही. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर ही यादी उलाढालीची नव्हे, तेजीची आहे. आणि तेजीचा बोलबाला ऐकून माल उचलणाऱ्यांचे पुढे काय होते, हे व्यापारी घराण्यांना कोणी सांगण्याची गरज नाही.

विचारणा आणि विक्री यांची गल्लत खुद्द गूगलकडूनही झाली. शोधांवरून अमेरिकेतील फ्लूच्या साथीचा अंदाज बांधण्याची योजना त्या कंपनीने २००८ मध्ये सुरू केली. तर्क सरळ होता: ज्याला ताप-खोकला झाला तो त्याविषयी शोधणार. सरकारी यंत्रणेचे आकडे दवाखान्यांतून गोळा होऊन हाती येईपर्यंत एक-दोन आठवडे उलटत. गूगलचा अंदाज जवळजवळ तत्काळ मिळे. २००९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावर शोधनिबंध आला आणि पुष्कळ कौतुक झाले. त्याच वर्षी स्वाइन फ्लूची पहिली लाट आली, ती मात्र या पद्धतीला नीट पकडता आली नाही. पुढे २०१२-१३ च्या हिवाळ्यात उलट घडले. फ्लूसदृश आजारासाठी दवाखान्यात गेलेल्यांचे जे प्रमाण गूगलने वर्तवले, ते सरकारी आकड्याच्या दुपटीहून अधिक निघाले. त्या हिवाळ्यात साथीच्या बातम्या सर्वत्र गाजत होत्या. त्या वाचून धडधाकट माणसेही लक्षणे शोधत बसली असावीत, असे अभ्यासकांना वाटले. २०१५ मध्ये हे अंदाज प्रसिद्ध करणे थांबले. पेढीवरच्या त्या वृद्धाला या प्रकाराचे फारसे नवल वाटले नसते.

तरीही विचारणा अगदीच पोकळ नसते. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकमध्ये पी. व्ही. सिंधूने रौप्यपदक मिळवले, ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. देश आनंदात असतानाच तिची जात कोणती हा शोध वर चढला. चारचौघांत हा प्रश्न विचारायला जीभ रेटली नसती. मुक्या पडद्यापुढे संकोच उरला नाही. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी जाहीर झाली आणि काळा पैसा पांढरा कसा करावा, हा प्रश्न शोधांत उसळला. त्यात गुजरात आघाडीवर आणि पाठोपाठ महाराष्ट्र, असे वृत्तपत्रांनी छापले. व्यापारी समाजाकडे बोट दाखवणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले. शोधणाऱ्यांत पत्रकार, विद्यार्थी, निव्वळ कुतूहलापोटी पाहणारे असे अनेक असणार, हे खरे. पण हे समर्थन जितके खरे आहे तितकेच सोयीचेही आहे.

आकड्यांच्या गर्दीत माणूस लपून राहतो, हा समजही फसवा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकन कंपनीने अभ्यासकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतील शोध जाहीर केले. नावांच्या जागी केवळ क्रमांक होते. काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी त्यांतील एका क्रमांकाचे शोध ओळीने वाचले आणि ते थेट एका वृद्ध महिलेच्या दारी पोहोचले. आजार, गाव, आडनाव, पाळीव कुत्रा असे सुटे सुटे प्रश्न एकत्र ठेवताच माणूस उभा राहिला होता. कंपनीने माफी मागितली. पण तोवर त्या माहितीच्या प्रती सर्वदूर गेल्या होत्या.

परक्याला जे काही दिवसांत कळले, ते घरच्यांना मात्र वर्षानुवर्षे कळत नाही. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी तीन पिढ्यांची कापडाची पेढी आहे. दिवाळीला घरी आलेल्या नातवाने पावसाचा अंदाज पाहण्यासाठी आजोबांचा मोबाईल हाती घेतला. शोधाच्या चौकटीला बोट लागताच आधीचे शोध खाली उघडले. गुडघ्याची शस्त्रक्रिया. सोन्याचा आजचा भाव. मग तीनदा, किंचित वेगवेगळ्या शब्दांत: दुकान विकल्यास कर किती बसतो.

दुकानाविषयी घरात कोणी काही बोलले नव्हते. नातवाने पावसाचे सांगून मोबाईल परत दिला. सायंकाळी तो पेढीवर जाऊन बसला आणि उधारीची वही मागून घेतली. आजोबांनी चष्मा पुसला, वही त्याच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “मागच्या पानापासून बघ. पुढचे सगळे वसूल झालेले आहे.”