शैक्षणिक संस्थांची कागदपत्रे आणि मुक्तस्रोत दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली : मूल्यमापनाचे निकष व तांत्रिक गरजा
विशेष संदर्भ : सुरत शहर

प्रस्तावना :

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पूर ओसरल्यावर घरातील सामान पुन्हा घेता येते. पण भिजून एकमेकांना चिकटलेली रजिस्टरची पाने पुन्हा विकत मिळत नाहीत. शाळेचे जनरल रजिस्टर हा विद्यार्थ्याच्या जन्मतारखेचा, जन्मस्थळाचा आणि जातीचा महत्त्वाचा पुरावा असतो. ते नष्ट झाले की नुकसान संस्थेपेक्षा विद्यार्थ्याचे अधिक होते.

सुरतेत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, उर्दू, हिंदी, ओडिया, तेलुगू व इंग्रजी माध्यमाच्या शाळाही चालवते. धुळे, जळगाव, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून कामधंद्यासाठी आलेली अनेक कुटुंबे लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत राहतात. लिंबायतमध्ये शिकलेल्या मुलाला वीस वर्षांनी शिरपूरच्या तहसील कार्यालयात दाखल्याची गरज पडू शकते. तो कागद त्या वेळी सापडेल का, या प्रश्नाच्या अनुषंगाने विनामूल्य मिळणाऱ्या दस्तऐवज व्यवस्थापन प्रणालींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ :

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, ही सोय आहे. फुकट म्हणजे किंमत नसलेले. मुक्तस्रोत म्हणजे ज्याची मूळ संहिता पाहता येते, बदलता येते व पुढे देता येते असे सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा करून या विचाराचा पाया घातला. भारत सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. संस्थेच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की, सॉफ्टवेअर बनवणारा उद्या थांबला तरी ते चालवण्याचा हक्क संस्थेकडे राहतो. मात्र परवाना विनामूल्य असला तरी यंत्र, स्कॅनर, वीज आणि माणसाचा वेळ विनामूल्य नसतो.

२. मूल्यमापनाचे निकष :

(अ) लिपी : सुरतेतील संस्थेच्या दप्तरात गुजराती, देवनागरी व उर्दू अशा तीन लिप्या एकत्र नांदतात. प्रणाली युनिकोड हाताळते एवढे वाचून समाधान मानू नये; प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. ‘ऱ्या’ हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे साठवले जाते; एका प्रकारे टंकित केलेले आडनाव दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडते का, हे पाहावे. उर्दूतील ‘ये’ आणि ‘काफ’ यांची अरबी व उर्दू रूपे संगणकाच्या लेखी भिन्न अक्षरे आहेत. डोळ्यांना सारखे दिसणारे नाव त्यामुळे शोधात हरवते. ‘शेख’ आणि ‘शैख’ हा घोळ तर माणसानेच नियम ठरवून मिटवावा लागतो. जुन्या इनपेज, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकित केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो, अन्यथा तो शोधता येत नाही.

(आ) अक्षरओळख : टेसरॅक्ट हे या कामाचे मुक्त साधन ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत जन्मले आणि २००५ मध्ये मुक्तस्रोत झाले. मराठी, गुजराती व उर्दू या तिन्ही भाषांची सामग्री त्यात उपलब्ध आहे. स्वच्छ छापील देवनागरीवर ते चांगले चालते. नस्तालीकमधील उर्दूवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. हाताने लिहिलेल्या जुन्या रजिस्टरसाठी मात्र ते जवळजवळ निरुपयोगी आहे. तेथे सूची माणसानेच करावी लागते.

(इ) बाहेर पडण्याची वाट : सर्व कागद आणि त्यांच्या नोंदी सामान्य स्वरूपात बाहेर काढता येतात का? प्रणाली निवडताना हा प्रश्न पहिला विचारावा, कारण प्रणाली बदलत राहतात, दप्तर मात्र टिकवायचे असते. नॉलेजट्री ही एके काळी लोकप्रिय असलेली प्रणाली. तिची विनामूल्य आवृत्ती पुढे बंद पडली.

(ई) अधिकार व नोंद : कोणता कागद कोणी पाहिला, कोणी बदलला, याची नोंद राहिली पाहिजे. विद्यार्थ्यांची माहिती ही खासगी माहिती आहे, याचे भान २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर अधिकच आवश्यक ठरते.

३. काही प्रमुख प्रणाली :

डीस्पेस ही प्रणाली एम.आय.टी. व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे प्रबंधांचे भांडार याच प्रणालीवर चालते. प्रबंध, नियतकालिके, दुर्मीळ पुस्तके वाचकांसाठी खुली करायची असतील तर ती उत्तम आहे. रोजच्या कार्यालयीन कागदांसाठी मात्र तिची घडण नाही. २००५ मध्ये सुरू झालेली अल्फ्रेस्को मोठ्या कार्यालयांना साजेशी असून तिची सामुदायिक आवृत्ती विनामूल्य मिळते, परंतु तिला यंत्र व तंत्रज्ञ दोन्ही मोठे लागतात. मायान ही प्रणाली आवृत्त्या, अधिकार व कार्यप्रवाह बारकाईने सांभाळते. पेपरलेस-एनजीएक्स ही त्या मानाने हलकी. ती स्कॅन केलेला कागद घेते, मूळ प्रत तशीच ठेवते, शोधता येणारी टिकाऊ पी.डी.एफ. प्रत तयार करते आणि सर्व फायली नोंदींसह बाहेर काढण्याची सोय देते. लहान संस्थेला बहुधा हीच पुरेशी ठरते.

४. तांत्रिक गरजा आणि खरा खर्च :

डीस्पेसच्या नव्या आवृत्त्यांना जावा, पोस्टग्रेस माहितीसाठा, सोलर हे शोधयंत्र आणि नोड असा संपूर्ण संच लागतो, आठ जी.बी. स्मृतीही तोकडी पडू शकते. पेपरलेस-एनजीएक्स लिनक्स व डॉकर असलेल्या, चार ते आठ जी.बी. स्मृतीच्या साध्या संगणकावर चालते. सोबत यू.पी.एस. हवाच. सुट्या कागदांसाठी पाने ओढून घेणारा स्कॅनर चालेल. बांधीव रजिस्टर मात्र सपाट किंवा वरून छायाचित्र घेणाऱ्या स्कॅनरवरच ठेवावे, नाहीतर शिवण उसवते.

एक उदाहरण घेऊ. एका शाळेकडे प्रत्येकी २०० पानांची १०० रजिस्टरे आहेत असे धरले तर एकूण २०,००० पाने होतात. प्रतिपान एक एम.बी. धरल्यास जागा लागते फक्त २० जी.बी. एका पानावर १५ नावे असतील तर नावे होतात तीन लाख. एका नावाची नोंद करायला एक मिनिट लागले तरी पाच हजार तास हवेत. याउलट प्रत्येक पानावरील पहिला व शेवटचा जनरल रजिस्टर क्रमांक आणि वर्ष एवढेच नोंदवले, तर त्याच वेगाने सुमारे ३३३ तासांत काम संपते. दाखला मागणाऱ्याकडे क्रमांक नसला तरी प्रवेशाचे वर्ष बहुधा असते. त्यावरून त्या वर्षाची पाने चाळून नाव सापडते. म्हणजेच खर्च सॉफ्टवेअरवर ठरत नाही, सूची किती खोल करायची यावर ठरतो.

५. दुसरी प्रत कोठे ठेवावी ?

सतराव्या शतकात सुरतेच्या इंग्रज वखारीतून लंडनला जाणाऱ्या पत्रांच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवल्या जात. एक जहाज बुडाले तरी मजकूर पोहोचावा, हा हेतू. त्या वखारीचे दप्तर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वाचायला मिळते. त्याच शहरातील शाळेने आपली एकमेव प्रत तळमजल्यावरील संगणकात ठेवणे योग्य नव्हे. एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक तापीच्या पूरक्षेत्राबाहेर, शक्य तर दुसऱ्या शहरात असावी. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, त्या प्रतीवरून एखादा कागद प्रत्यक्ष उघडून पाहावा. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

मूळ रजिस्टर मात्र फेकून देऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात देण्यासाठी प्रमाणपत्राची जोड लागते. संगणकीय प्रत ही मूळ कागदाची सोबतीण आहे, वारस नव्हे.

निष्कर्ष :

प्रणालींच्या वैशिष्ट्यांची यादी पाहून निवड करू नये. संस्थेने आपल्याच दप्तरातील पन्नास कागद घ्यावेत : काही गुजराती, काही मराठी, काही उर्दू, काही हस्तलिखित. ते प्रणालीत भरावेत, कार्यालयातील लिपिकाकडून शोधून घ्यावेत आणि शेवटी सगळे बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडावेत. या तीन पायऱ्या जी प्रणाली पार करील आणि जी सांभाळणारा माणूस संस्थेत असेल, तीच त्या संस्थेसाठी योग्य. शिरपूरहून दाखल्यासाठी आलेल्या माणसाला सॉफ्टवेअरच्या नावाशी कर्तव्य नसते. त्याला आपले नाव असलेले पान हवे असते.