विमानाचा बोल्ट आणि आपली फूटपट्टी



वर्गात "मोठेपणी कोण होणार?" विचारलं की "पायलट" म्हणत दोन-तीन हात तरी वर येतात. "मी विमान दुरुस्त करणार" असं कुणी म्हणत नाही. खरं तर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा आपला कामगारांचा पट्टा. कुणाचे बाबा अंबरनाथ एमआयडीसीत लेथवर, तर कुणाचे आजोबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त. तरी मुलाला आयटीआयला घालू म्हटलं की घरात चेहरे उतरतात. म्हणून आज या कामाविषयी.

काम नेमकं काय?
विमानाचे ब्रेक, पंप, झडपा असे अनेक भाग ठरावीक वापरानंतर काढून वर्कशॉपमध्ये आणतात. ते सुटे करायचे, धुवायचे, बारीक तडे शोधायचे, झीज मोजायची आणि पुस्तिकेत लिहिलंय तसंच पुन्हा जोडायचं. बोल्ट किती घट्ट पिळायचा याचंही माप ठरलेलं असतं. त्यासाठी टॉर्क रेंच वापरतात. थरथरीने बोल्ट सैल होऊ नये म्हणून अनेक ठिकाणी बारीक तार पिळून बांधतात. शेवटी चाचणी, नोंद आणि सही. हत्यारं ठेवायच्या फळीवर प्रत्येकाची आकृती असते. एक जागा रिकामी दिसली, की आधी ते हत्यार शोधायचं!

एवढी काटेकोरी कशाला?
१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच आकाशात निखळली. कॅप्टन अर्धे बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान उतरवलं आणि सगळे वाचले. कारण काय निघालं? काच नुकतीच बदलली होती. नवे बोल्ट जुन्याशी नुसते नजरेने जुळवले होते. ९० पैकी ८४ बोल्ट पाऊण मिलिमीटरहून कमी फरकाने बारीक होते, आणि दुसऱ्या कुणी ते काम तपासलंच नव्हतं.

वाट कुठून जाते?
दहावीनंतर आयटीआयचा फिटर किंवा मशिनिस्ट ट्रेड, दोन वर्षांचा. मग शिकाऊ उमेदवारी. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग आणि सुखोई तिथे तयार झाली. तिथेच बनलेल्या तेजस मार्क-१ए ने ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिली भरारी घेतली. दुसरी वाट बारावी सायन्सची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत शिकायचं आणि परीक्षा, अनुभव पूर्ण करून देखभाल अभियंत्याचा परवाना मिळवायचा.

आपण वर्गात काय करू शकतो?
मी तिसरी-चौथीला एक खेळ घेते. पेन्सिलची लांबी आधी नजरेने सांगायची, मग पट्टीने मोजायची. काहीजण हमखास शून्याऐवजी एकपासून मोजतात! मग शेजाऱ्याने पुन्हा मोजायचं आणि दोघांनी सही करायची.

मीसुद्धा आधी वहीत खाडाखोड दिसली की रागवायचे. त्यामुळे मुलं चूक लपवायला शिकली, बरं का! या कामात मात्र "माझ्याकडून चुकलं, पुन्हा उघडून बघू" म्हणणारा माणूसच लागतो. आता वर्गात असं कुणी म्हणालं, की मी आधी त्याला शाबासकी देते.

पालकहो, घरीही एवढं करून बघा.