रक्तातील औषधाची मात्रा
कपाशीच्या रानात पायाला झालेली जखम चिघळून सेप्सिस झालेला इसम जळगावच्या वा धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात अत्यवस्थ स्थितीत दाखल होतो, तेव्हा उत्तम प्रतिजैविक दिल्याने भागत नाही. ते रक्तात किती उरते, हाही जीवनमरणाचाच प्रश्न असतो. कारण सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागून, त्यात सलाइनची भर पडून, औषध विरळ होते. उलट मूत्रपिंडे थकली की तेच साचते. म्हणून व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाचा पुढील डोस देण्याच्या थोडा वेळ आधी रक्त काढून, नळीवर नेमकी वेळ नोंदवून, पातळी पाहतात. वेळेची नोंद चुकली तर आकडा निरर्थक. अमिकासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची पातळी चढी राहिल्यास मूत्रपिंडांस व श्रवणशक्तीस अपाय संभवतो. या तपासणीची तजवीज जिल्ह्याच्या ठिकाणीच व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. परगावाहून अहवाल येईतो पुढचे डोस देऊन झालेले असतात.