खुब्याच्या उखळीचा अस्थिभंग व त्यावरील शस्त्रक्रिया

डिचोली तालुक्याच्या सीमेवरील लाटंबार्से गावातून दोडामार्ग, डिचोली व म्हापसा येथील बाजारपेठांकडे व्यापारी बंधूंचे जाणे-येणे रस्त्यानेच घडते. मोटारीची धडक बसणे, दुचाकीवरून पडणे, माडावरून कोसळणे अशा प्रसंगी होणाऱ्या गंभीर इजांपैकी एक म्हणजे खुब्याच्या उखळीचा भंग होय. तिची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे हितावह आहे.

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट उखळीत फिरतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. मोटारीत पुढे बसलेल्याचा गुडघा समोरच्या फळीवर आदळला म्हणजे तो आघात मांडीच्या हाडातून थेट उखळीवर पोहोचतो. तिची मागील कड फुटते व पुष्कळदा माथाही निखळतो. माणूस कुशीवर पडल्यास माथा उखळीच्या तळावर ठोकला जातो.

पूर्वी वजन बांधून पाय ताणणे व रुग्णास कित्येक आठवडे खाटेवर ठेवणे हाच बहुतांशी उपाय होता. हाड सांधे खरे. परंतु उखळ वेडीवाकडी जुळली की कूर्चा झिजे आणि चालणे दुःसह होई. पॅरिसचे शल्यविशारद रोबेर जुदे व एमिल लतुर्नेल यांनी १९६४ साली या भंगांचे पाच साधे व पाच संयुक्त असे दहा प्रकार मांडले आणि प्रत्येकासाठी छेद कोठून घ्यावा हे दाखविले. आजची शस्त्रक्रिया त्याच पायावर उभी आहे.

प्रत्येक भंगास शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. तुकडे जागीच असतील तर विश्रांती व कुबड्या पुरतात. मात्र भार पेलणाऱ्या भागातील तुकडे २ मिलिमीटर किंवा अधिक सरकले असतील, सांधा जागेवर ठरत नसेल किंवा एखादा तुकडा सांध्यात अडकला असेल, तर सहसा शस्त्रक्रिया सुचविली जाते. क्ष-किरण चित्रे व सी. टी. स्कॅन पाहून शल्यविशारद तुकडे जुळवितात व धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू यांनी पक्के करतात.

येथे वेळेचे महत्त्व दुहेरी आहे. निखळलेला सांधा काही तासांतच बसवावा लागतो. विलंब झाल्यास माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होण्याचा धोका वाढतो. मुख्य शस्त्रक्रिया मात्र प्रकृती स्थिरावल्यावर, बहुधा काही दिवसांनी करतात. तीन आठवडे उलटल्यास तुकडे भलत्याच जागी सांधू लागतात व काम कठीण होते.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन ते तीन महिने त्या पायावर पूर्ण भार देता येत नाही. नसेला इजा, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी हे धोके असतात. उत्तम शस्त्रक्रियेनंतरही काहींना पुढे संधिवात होतो व कृत्रिम सांधा बसवावा लागतो. हे कुटुंबाने आधीच समजून घ्यावे.

अपघातस्थळी रुग्णास उठवून बसवू नये, खुबा चोळू वा ओढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व अस्थिशल्यविभाग असलेले रुग्णालय गाठावे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे त्यांपैकी एक असून त्याची परंपरा १८४२ पासूनची आहे. मदत केल्यास आपणच खटल्यात अडकू, ही भीतीही बाळगू नये. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सद्भावनेने साह्य करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. दुकान रस्त्यावर असणाऱ्या आपणांपैकी अनेकांच्या दारीच अपघात घडतात. त्या घटकेला दाखविलेली समयसूचकता एखाद्या कुटुंबाचा कर्ता पुरुष पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा करू शकेल.