'अकुशल' या संज्ञेचा विचार : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

रोजगारविषयक धोरणात श्रमिकांचे कुशल, अर्धकुशल व अकुशल असे वर्गीकरण रूढ आहे. ते केवळ वर्णनपर नाही. मजुरी व प्रशिक्षण यांची वाट त्यावरून ठरते. म्हणून त्यातील संज्ञांचा अर्थ तपासणे अगत्याचे आहे.

'कुशल' शब्दाची परंपरागत व्युत्पत्ती 'कुश आणणारा' अशी दिली जाते. हात न कापता दर्भ खुडण्याच्या नैपुण्यावरून त्यास 'निपुण' हा अर्थ आला, असे मानून मम्मटाने तो रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून दिला. या समजुतीनुसार शब्दाचे मूळ रानातील हातकामातच आहे.

आधुनिक कायद्यात मात्र अर्थाचे क्षेत्र बदलले. १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना व १९६१ चा शिकाऊ उमेदवारी अधिनियम यांनी प्रशिक्षण संस्था आणि कारखाना ही कौशल्याची अधिकृत स्थाने ठरविली. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री ही व्यवसायनामे मराठीत घडविली गेली. याउलट महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने ग्रामीण प्रौढांस हमी दिली ती 'अकुशल' अंगमेहनतीची. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही हीच संज्ञा होती; २००६ च्या फेब्रुवारीत तो प्रथम लागू झालेल्या २०० जिल्ह्यांत यवतमाळ होता. त्याच्या हिशेबात गवंड्यासारख्या कुशल कामगाराची मजुरी साहित्याच्या बाजूस धरली जाई.

या संज्ञेचा एक लाभ नाकारता येत नाही : काम मागणाऱ्यास पात्रतेचा दाखला द्यावा लागत नाही. तथापि तिची दुसरी बाजूही आहे. यवतमाळच्या शिवारात दव सुकल्यावर वेचणी करणारी, कवडी कापूस निराळा काढणारी, काडीकचरा मिसळू न देणारी स्त्री जिनिंगला जाणाऱ्या मालाची प्रत राखते. तिचे हे ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदलेले नसते. त्यामुळे कारखान्याच्या दाराशी ती पुन्हा 'अकुशल'च ठरते.

२०१५ च्या राष्ट्रीय कौशल्यविकास धोरणाने अनुभवाने मिळविलेल्या कौशल्यास मान्यता देण्याचे तत्त्व स्वीकारले. परंतु ज्यास नाव नाही, त्याची परीक्षा घेता येत नाही. जोडाऱ्यास जसे नाव मिळाले, तसे वेचणीतील कसबास मिळणे, हे धोरणाइतकेच परिभाषेचेही कार्य होय.