थायमस व पिनिअल ग्रंथी : रचना, उत्पत्ती आणि कार्य

आपल्या शरीरातील ग्रंथींचे दोन मुख्य प्रकार आहेत. लाळेच्या किंवा घामाच्या ग्रंथींना नलिका असतात व त्यांचा स्राव नलिकेतून बाहेर पडतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नलिका नसते. त्यांचा स्राव सरळ रक्तात मिसळतो. या स्रावांना संप्रेरके म्हणतात. अवटू, स्वादुपिंड, अधिवृक्क यांची माहिती विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून होते. थायमस व पिनिअल यांची बोळवण मात्र दोन-चार ओळींत होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या दोन ग्रंथींचे काम नेमके काय, हे शास्त्रज्ञांनाही समजले नव्हते. म्हणूनच या लेखात आम्ही त्यांचा थोडा सविस्तर परिचय करून देत आहोत.

थायमस : स्थान व रचना

थायमसला मराठीत यौवनलोपी ग्रंथी असे नाव आहे आणि ते अगदी सार्थ आहे. ही ग्रंथी छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या व पुढच्या बाजूस असते. तिचे दोन खंड असतात. जन्मतः तिचे वजन सुमारे १० ते १५ ग्रॅम असते. वयात येईपर्यंत ती वाढत जाऊन ३० ते ४० ग्रॅमपर्यंत पोहोचते. त्यानंतर ती आक्रसू लागते आणि तिची जागा हळूहळू चरबी घेते. म्हातारपणी तिचा थोडाच अंश शिल्लक राहतो.

प्रत्येक खंड लहान लहान खंडिकांचा बनलेला असतो. खंडिकेच्या बाहेरच्या दाट भागास बाह्यक व आतल्या विरळ भागास मध्यक म्हणतात. मध्यकात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक थर असलेले गोलक दिसतात. त्यांना हॅसॉल यांचे गोलक म्हणतात.

उत्पत्ती

गर्भाच्या घशाच्या बाजूंना कप्प्यांच्या जोड्या तयार होतात. तिसऱ्या जोडीच्या अंतःस्तरापासून सहाव्या आठवड्याच्या सुमारास थायमसची सुरुवात होते. म्हणजे ती जन्मते गळ्यात आणि खाली सरकत छातीत येते. याच कप्प्यांपासून परावटू ग्रंथींची खालची जोडीही तयार होते. त्यामुळे काही बालकांत जन्मजात दोषाने थायमस व परावटू दोन्हींची वाढ खुंटलेली आढळते. ग्रंथीचा सांगाडा असा घशातून येतो, पण तिच्यात राहणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून रक्तावाटे येतात.

कार्य

१९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर या तरुण शास्त्रज्ञाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ते उंदीर पुढे खंगले, रोगांना बळी पडले आणि त्यांच्या अंगावर लावलेली परकी त्वचा त्यांच्या शरीराने नाकारली नाही. यावरून थायमस हे प्रतिकारशक्तीचे मूळ केंद्र असल्याचे सिद्ध झाले.

थायमस ही श्वेतपेशींची शाळाच आहे असे आम्ही म्हणू. अस्थिमज्जेतून आलेल्या कच्च्या पेशी येथे तयार होतात. थायमसच्या आद्याक्षरावरून त्यांना टी-पेशी म्हणतात. बाह्यकात पहिली परीक्षा होते : शरीरातील पेशींची ओळखखूण या पेशीला वाचता येते का? मध्यकात दुसरी : ही पेशी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करील का? जी नापास होते ती बहुधा तिथेच नष्ट केली जाते. शंभरातील जेमतेम दोन-चार पेशी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात. त्यांतील काही रोगग्रस्त पेशींना मारतात, तर काही इतर पेशींना मदत करतात. एड्सचा विषाणू नेमका या मदतनीस पेशींवरच घाला घालतो. आणखी काही पेशी प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. या नियामक पेशींच्या शोधाबद्दल २०२५ चे नोबेल पारितोषिक साकागुची, ब्रंकोव व रॅम्सडेल यांना मिळाले.

प्रौढपणी ही ग्रंथी निरुपयोगी होते असे पूर्वी मानत. परंतु २०२३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, थायमस काढलेल्या प्रौढांत पुढील पाच वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण ८.१ टक्के, तर तशाच इतर रुग्णांत २.८ टक्के आढळले.

एक महागात पडलेला गैरसमज

येथे एक इतिहास सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. उपासमार, दीर्घ आजार व सततचा ताण यांमुळे थायमस झपाट्याने आक्रसते. एकोणिसाव्या शतकात युरोपात शवविच्छेदनासाठी मिळणारी प्रेते बहुतेक गोरगरिबांची असत. इंग्लंडमध्ये १८३२ च्या कायद्याने अनाथगृहांतील व दरिद्रीगृहांतील बेवारस प्रेते वैद्यकीय शाळांना मिळू लागली. त्या शरीरांतील आक्रसलेली थायमस पाहून डॉक्टरांनी तोच तिचा नेहमीचा आकार मानला. मग एखादे धडधाकट मूल झोपेत अचानक दगावले आणि त्याची थायमस मोठी दिसली, की तिनेच श्वासनलिका दाबून जीव घेतला असा निष्कर्ष काढण्यात आला. वास्तविक ती निरोगी मुलाची योग्य आकाराची थायमस होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हजारो बालकांच्या थायमसवर क्ष-किरण सोडण्यात आले. किरणांचा मारा शेजारच्या अवटू ग्रंथीवरही झाला. अवटूचा कर्करोग झालेल्या मुलांपैकी अनेकांना असे किरण दिले गेले होते, हे १९५० मध्ये अमेरिकेत डफी व फिट्झजेराल्ड यांनी निदर्शनास आणले. गरिबीने शरीरावर केलेला परिणाम हाच निसर्गनियम समजला गेला आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. आजही कुपोषित बालकांची थायमस आक्रसलेली असते. गोवर, न्यूमोनिया, जुलाब यांपुढे ती बालके टिकत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे.

पिनिअल : स्थान, रचना व उत्पत्ती

पिनिअल किंवा तृतीय नेत्रपिंड ही मेंदूच्या मध्यभागी, दोन्ही गोलार्धांच्या मधोमध असलेली ग्रंथी आहे. तिचा आकार पाइनच्या फळासारखा, लांबी ५ ते ८ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास मेंदूच्या एका पोकळीच्या छतावर फुगवटा येतो व त्यातून ती बनते. वय वाढते तसे तिच्यात चुन्याचे कण साठतात. त्यांना मेंदूतील वाळू म्हणतात. ते क्ष-किरण चित्रात दिसतात.

मेंदूचे बहुतेक भाग जोडीने असतात, पिनिअल मात्र एकच. म्हणून फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४९ च्या आपल्या ग्रंथात तिला आत्म्याचे मुख्य आसन ठरविले. आपल्याकडेही तिसऱ्या डोळ्याच्या नावाने तिच्याभोवती चमत्कारांच्या कथा रचल्या जातात. वस्तुस्थिती अशी की, काही सरड्यांच्या व न्यूझीलंडमधील तुआताराच्या डोक्यावर प्रकाश ओळखणारा डोळ्यासारखा अवयव खरोखर असतो व त्याचे नाते पिनिअलशी आहे. माणसाची पिनिअल स्वतः प्रकाश पाहत नाही. तिला ती बातमी डोळ्यांकडून मिळते.

कार्य

१९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात आरॉन लर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांच्या पिनिअलमधून मेलॅटोनिन हे संप्रेरक वेगळे केले. अंधार पडल्यावर ते स्रवू लागते, मध्यरात्रीनंतर सर्वांत जास्त होते आणि पहाटे ओसरते. डोळ्यांवर उजेड पडताच ही बातमी मेंदूतील घड्याळाकडे जाते. तेथून ती मज्जारज्जू व मानेतील चेतातंतूंमार्गे पिनिअलपर्यंत पोहोचते आणि स्राव थांबतो. अशा रीतीने रात्र झाल्याची दवंडी ही ग्रंथी साऱ्या शरीरात पिटते. मेंढीसारख्या प्राण्यांत रात्रीच्या लांबीवरून माजाचा हंगामही यामुळेच ठरतो. पूर्ण अंधत्व असलेल्या अनेकांची झोप रोज थोडी पुढे सरकते, कारण उजेडाची बातमीच पोहोचत नाही.

रात्रपाळी करणाऱ्या कामगारांचे हे घड्याळ बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीची नोंद कर्करोगाच्या संभाव्य कारणांत केली आहे. तेव्हा रात्रपाळी हा केवळ भत्त्याचा प्रश्न नाही.

विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे इतकेच की, परीक्षेच्या दिवसांत अंथरुणात मोबाइलचा उजेड डोळ्यांवर घेऊन जागू नये, ठरलेल्या वेळी झोपावे व सकाळच्या उन्हात थोडे फिरावे. आणि घरातील लहानग्यांना पोटभर सकस अन्न व वेळेवर लसी मिळतील हे पाहावे. लस देऊन आपण ज्या पेशींना रोगाची ओळख करून देतो, त्यांतील टी-पेशी थायमसमध्येच शिकून तयार झालेल्या असतात. या दोन ग्रंथी आपले काम मुकाट्याने करीत आहेत. त्यांना अन्न आणि अंधार मिळू देणे मात्र आपल्या हाती आहे.