कामावरची दुखापत : मेहेरबानी नव्हे, हक्क

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ऊस, कालव्याचे पाणी आणि एम.आय.डी.सी. यांनी मोठा रोजगार आणला. माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगरचे साखर कारखाने सर्वांना ठाऊक आहेत. बारामतीत वाहनांचे व कपड्यांचे उद्योग आले. आपण व्यापारी मालाचा भाव, उधारी आणि कर यांचा हिशेब रोज मांडतो. पण त्या मालामागे कुणाचे बोट गेले, कुणाची छाती भरली, हे कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

एकाच वर्षातील दोन घटना पाहा. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे शेणाच्या मैलापाण्याच्या चेंबरमध्ये गुदमरून चार जण दगावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे विहिरीच्या रिंगचे काम चालू असताना रिंग व माती कोसळून चार मजूर गाडले गेले. मृतदेह बाहेर काढायला काही दिवस लागले. या दोन्ही जागा कारखान्याच्या आवारातील नव्हत्या. म्हणजे धोका फक्त बॉयलरजवळ असतो हा समज चुकीचा आहे.

शेण, मळी किंवा मैला कुजला की विषारी वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, धोका टळला. आणि तो जागीच कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा वेळी आत उतरणे ही हिंमत नसून आणखी एक मृत्यू आहे. आधी हवा खेळती करावी, कमरेला दोर बांधलेला असावा आणि वर माणूस उभा असावा. टाकी यंत्राने उपसता येत असेल तर माणूस उतरवूच नये.

हळू येणारे आजार

अपघात दिसतो, आजार दिसत नाही. साखर कारखान्यात उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, ढिगाने साठतो. त्यावर बुरशी धरते. कोरड्या ढिगात काम करणाऱ्याच्या छातीत ती धूळ जाते आणि काही तासांनी ताप, खोकला, दम सुरू होतो. सर्दी-तापाचे औषध दिले जाते, मूळ कारण तसेच राहते. चोथा ओला ठेवला आणि तोंडाला चांगला मास्क लावला तर त्रास बराच कमी होतो.

आमच्या कापडाचेही तेच. जेथे कापूस पिंजून सूत काढतात तेथे कापसाची धूळ छातीत बसते. साप्ताहिक सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची खूण. हे दोन्ही आजार कायद्याने व्यवसायजन्य मानले आहेत. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणाही त्याच यादीत आहे. मात्र डॉक्टरांना आपण काय काम करतो हे रुग्णाने स्वतः सांगितले पाहिजे.

ऊसतोड मजुराची स्थिती सर्वांत नाजूक. कोयत्याची जखम, सर्पदंश, ऊन आणि डोक्यावर मोळी. त्यात उचल घेतलेली असल्याने सुट्टी परवडत नाही.

कायदा काय सांगतो?

नुकसानभरपाईचा पहिला कायदा १९२३ चा. आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्याच्या यादीतील कामावर मजुराचा मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. समजा वय ४० आणि वेतन १२,००० रुपये. निम्मे ६,०००, गुणिले १८४.१७, म्हणजे ११,०५,०२० रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी साठ टक्के धरतात. रक्कम महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज लागते. मजूर ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही आता यात धरता येतो.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ई.एस.आय. लागू होते. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्याच्या नावे मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. कामावर जखमी झाल्यास इलाज आणि वेतनाच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. ज्याला ई.एस.आय. आहे त्याची भरपाई तेथूनच येते. बारा हजार पगारावर मालकाचे ओझे महिन्याला ३९० रुपये पडते. त्यासमोर अकरा लाखांचा आकडा ठेवून पाहा.

काही वर्षांपूर्वी माझ्या गोदामात तागे उतरवताना एक हमाल शिडीवरून पडला. मी दवाखान्याचे बिल दिले, हातावर दोन हजार ठेवले आणि फर्ज अदा झाले असे समजलो. पुढचे तीन महिने त्याच्या घरची चूल कशी पेटली, हे मी विचारले नाही. शिडीचा पाय मोडका होता, हे मला ठाऊक होते.

म्हणून छोट्या मालकांनी एवढे तरी करावे : हजेरी आणि पगार लेखी ठेवावा, नोंदणी लागू असेल तर ती करावी, नसेल तर विमा उतरवावा. मजुरानेही जखम झाली की त्याच दिवशी नोंद करून घ्यावी आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत. कागद नसला की हक्कही तोंडी उरतो. आणि मोडकी शिडी उद्यावर न टाकता आजच बदलावी.